दोरीला बांधलेला फोन

फोनला भोक पाहिजे, एवढी एकच अट काकाची होती. बाकी काय घ्यायचं ते तू ठरव, म्हणाला, आणि दुकानाबाहेरच्या बाकावर निवांत जाऊन बसला.

हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण यंदापासून मला बोलता येतं. म्हणजे आधी मी मुकी नव्हते, पण गेल्या वर्षापर्यंत अनोळखी माणूस समोर आला की माझी जीभ टाळूला चिकटायची. मग शाळेत सकाळच्या सूचना वाचणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी माइक माझ्या हातात दिला, आणि सगळ्या वर्गांच्या भिंतींतून माझाच आवाज येतोय हे ऐकून मला काय झालं कोण जाणे. 'हरवलेली निळी बाटली कार्यालयात मिळेल' हे मी असं वाचलं, की बाटली न हरवलेल्या मुलीसुद्धा कार्यालयात जाऊन आल्या. तेव्हापासून घरच्यांना बाहेर कुणाशी काही बोलायचं असलं की मला पुढे करतात. आई म्हणते, आता हिचा आवाज बारीक करायचं बटण कुठेय ते शोधा.

तर भोक. काका उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसतो. गच्चीवरून दोन दोर सोडलेले असतात, एक लटकायला आणि एक जिवाला. बसायला फळी, कमरेला आणि खांद्यांना पट्टे, बाजूला बादली, हातात रबरी पट्टीचा वायपर. वर नेलेली प्रत्येक वस्तू दोरीने अंगाला बांधलेलीच पाहिजे, हा त्यांच्यातला पहिला नियम, कारण खालून माणसं जात असतात. बादली बांधलेली, वायपर बांधलेला, स्पंज बांधलेला, चष्मा बांधलेला. काकाच्या जोडीदाराची कवळी बांधता येत नाही, म्हणून ती वर चढायच्या आधी डब्यात जाते आणि तो दिवसभर वर बोळक्याने गाणी म्हणतो. आता फोन न्यायचा तर तोही बांधायला हवा, आणि हल्लीच्या गुळगुळीत फोनांना दोरी ओवायला जागाच नसते.

फोन मुळात हवा कशाला, तर काकूला बाळ होणार होतं. आणि ढमीच्या वेळी जे झालं होतं ते पुन्हा व्हायला नको होतं.

ढमी म्हणजे काका-काकूची पहिली मुलगी. ती जन्मली तेव्हा काका दोरावर होता. चोरून खिशात नेलेला फोन वाजला, काकाने काढला, पण बोटं साबणाने बुळबुळीत, आणि काचेच्या त्या फोनला ओलं बोट ओळखूच येईना. काका हिरवं चक्र सरकवतोय, चक्र जागचं हलत नाहीये, फोन वाजून वाजून गप्प. तो खाली उतरून, हात कोरडे करून उलटा फोन लावेपर्यंत ढमी जन्मली होती, पुसून गुंडाळून झाली होती आणि झोपलीसुद्धा होती. दवाखान्यात पोचला तर भेटायची वेळ संपलेली. स्वतःची मुलगी त्याने पहिल्यांदा पाहिली ती काचेतून.

काकू हा किस्सा कुठूनही सुरू करू शकते. नळ गळतोय इथून बोलणं निघतं आणि ढमीच्या जन्मावर येऊन थांबतं. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, "तुमचं काय, तुम्ही सगळं काचेबाहेरूनच बघणार." सगळे हसतात. काकाही हसतो. पण मी बहुतेक वेळा त्याच्या शेजारी बसलेली असते, त्यामुळे हसता हसता तो हातातल्या कपात बघतो हे मला माहीत आहे.

दुकानातल्या ताईने आधी मला मोठमोठे पडदे दाखवले. मी ते बघून घेतले, कारण बघायला काही जात नाही, आणि मग पिशवीतून काकाचा हातमोजा काढला. ओला. साबणाच्या पाण्यात बुचकळून, प्लास्टिकमध्ये गाठ मारून घरूनच आणला होता. मी काउंटरवर जिवंत मासा ठेवल्यासारखं तिने पाहिलं. फोन धुवायचाय का, असं विचारलं. मी सगळं सांगितलं, दोर, फळी, ढमी, चक्र, सगळं. ऐकता ऐकता तिने मोठे पडदे बाजूला केले आणि अगदी खालचा खण ओढला.

त्यात बटणांचे फोन होते. मी मोजा चढवला आणि एकेक दाबून पाहिला. पहिल्याची बटणं इतकी दाटीवाटीने, की पाच दाबलं की आठही दाबलं जाई. दुसऱ्याची सगळी बटणं एकाच पातळ पत्र्यावर कोरलेली, मोज्यातून काही कळेना. तिसरा मात्र जाडजूड, गुबगुबीत. त्याची रबरी बटणं एकमेकांपासून सुटी होती, पाचावर एक बारीक टेंगूळ होतं आणि कॉल घ्यायचं बटण अंगठ्याएवढं. ओल्या मोज्याने दाबलं, तर टक् आवाज करून दाबलं गेलं. दुकानातली ताई माझ्यापेक्षा खूश झाली.

मग ती खोक्यावरचं वाचत गेली आणि मी सूचना वाचल्यासारखं ते बाहेर काकाला ऐकवत गेले. पडदा पावणेदोन इंच. बॅटरी निघते आणि बदलताही येते, नुसता ठेवला तर आठवडाभर टिकते. दोन सिम बसतात. टॉर्च आहे. रेडिओ आहे, तोही वायर न लावता. इंटरनेट नाही. कॅमेरा शून्य पूर्णांक तीन मेगापिक्सेल.

"शून्य म्हणजे आहे की नाही?" काकाने बाकावरून विचारलं.

आहे हो, ताई म्हणाली, पण फार आशा ठेवू नका.

भोकाबद्दल खोक्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी फोन उलटा केला. खालच्या कोपऱ्यात, नीट पाहिलं तरच दिसेल असं, दोरीपुरतं भोक. मी बाहेर जाऊन काकाला दाखवलं. त्याने त्यातून पलीकडचा रस्ता बघितला आणि म्हणाला, "घे."

दुसऱ्या दिवशी काकाच्या मुकादमाने फोन तपासला. काका सांगत होता, मुकादमाने दोरी ओढून पाहिली, फोन उलटा टांगून झुलवला, आणि मग दुसरा नियम सांगितला. दोरावर एकच नंबर वाजणार. कधीकाळी एका गड्याला वर लटकलेला असताना बक्षीस लागल्याचा फोन आला होता, आणि तो आनंदाच्या भरात फळीवर उठून उभा राहिला होता. बक्षीस खोटं होतं, पण मुकादमाचे केस त्या दिवशी पांढरे झाले ते खरे. तेव्हापासून एकच नंबर, बाकी सगळे बंद. काकाला विचार करावाच लागला नाही.

साध्या फोनात ही सोय असते. आपण निवडलेला नंबर तेवढा आत येतो, बाकीच्यांना परस्पर व्यस्त असल्याचं सांगितलं जातं. मी ती शोधून काढली, काकूचा नंबर घातला, आवाज शेवटच्या काडीपर्यंत वाढवला आणि स्वयंपाकघरातून काकूच्या फोनवरून लावून पाहिला. एवढा दणदणीत वाजला की ढमी रडायला लागली. काकूने वरवर काही दाखवलं नाही, पण दोन दिवसांत आमच्या जिन्यावरच्या सगळ्यांना कळलं होतं, की तिच्या नवऱ्याच्या फोनवर जगात फक्त तिचा नंबर वाजतो.

त्यानंतर एका सकाळी मी सूचना वाचत होते. चित्रकलेच्या तासाला जुने वर्तमानपत्र आणणे, इथपर्यंत आले होते, तर दारात शिपाईमावशी. ती हाताने पुरे पुरे करत होती. कार्यालयात माझ्यासाठी फोन होता.

पलीकडे आई होती. ती काकूला नेहमीच्या तपासणीला घेऊन गेली होती, आणि डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की आता घरी जायचं नाही, आजच होणार. आईला पुढे बोलू न देता काकूने फोन ओढून घेतला.

"तुझ्या काकाला केव्हाची फोन लावतेय," ती म्हणाली. "दर वेळी एकच, समोरची व्यक्ती व्यस्त आहे. कुणाशी बोलतायत गं एवढं, वर लटकून?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती आईच्या फोनवरून बोलत होती. तिचा स्वतःचा फोन घरी उशाशी राहिला होता.

मी तिला सांगितलं. काका कुणाशीही बोलत नाहीये, फोन बिचारा सांगितलेलं काम करतोय.

"म्हणजे माझ्या फोनशिवाय मला नवरा मिळणार नाही," काकू म्हणाली.

मुकादमाचा नंबरही त्या उशाशी राहिलेल्या फोनातच होता. काकू आमच्याच शाळेच्या कार्यालयात काम करते, म्हणून शाळेचा नंबर तिला झोपेतही येतो, बाकी कुणाचाच येत नाही. घर तिथून लांब, ढमी आईच्या कडेवर, आणि आईचा दुसरा हात काकूने धरला होता तो ती सोडेना. पण काका कुठे आहे हे मला ठाऊक होतं. शाळेपासून दोन थांब्यांवर हिरवट काचांची एक इमारत आहे. ती धुवायला घेतलीय, असं त्याने मला बसमधून दाखवलं होतं. तिथे एकेक काच फळ्याएवढी आहे, म्हणाला होता, आणि त्यावर कुणी काही लिहीत नाही.

बाईंनी मला सोडलं, पण एकटीला नाही. शिपाईमावशी बरोबर आली. तिने आधी चपला बदलल्या. आतल्या चपला वेगळ्या आणि बाहेरच्या वेगळ्या, असं ती मला शांतपणे समजावून सांगत होती आणि मी जागच्या जागी उड्या मारत होते. बाळं थांबतात गं, ती म्हणाली, चार झालीयत मला, चारही सावकाश आली.

इमारतीखाली उभं राहून वर पाहिलं तर हिरव्या काचेवर दोन ठिपके. एक गात असणार, म्हणजे दुसरा काका. मी माझ्या सूचनांच्या आवाजात हाक मारली. एक कबूतर उडालं, एवढाच परिणाम झाला.

"बाटली हरवली असती तर ऐकलं असतं त्याने," मावशी म्हणाली.

आतल्या टेबलामागे पहारेकरीकाका होते. कुणाला भेटायचंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाहेरच्या माणसाला. मग बाहेरच भेट की, ते म्हणाले. मी समजावून सांगितल्यावर त्यांनी गच्चीवर फोन लावला. कुणी उचलला नाही. वर वारा फार असतो, ऐकूच जात नाही, म्हणाले. आणि दोर सोडलेले असले की गच्चीचं दार पलीकडून बंद करतात, म्हणजे कुणी चुकून दोराजवळ जायला नको. जेवायला उतरतीलच की, बस तू.

गेल्या वर्षीची मी असते तर बसले असते. खुर्चीही मऊ होती.

"त्याला बाळ होतंय," मी म्हणाले.

"त्याला?"

"काकूला. पण पोचायचं त्याला आहे. गेल्या वेळी राहिलं त्याचं."

मग मी त्यांना सांगितलं की मला गच्चीवर जायचंच नाही, पिवळे पडदे लावलेल्या मजल्यावर जायचंय. खालून मी बघून ठेवलं होतं, काका त्याच्या जरा वर होता आणि खालीच येत होता. पहारेकरीकाकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मावशीकडे. मावशीने मान हलवली आणि ते आम्हाला घेऊन निघाले. लिफ्टमध्ये तिने डोळे मिटले आणि माझं कोपर घट्ट धरलं ते शेवटपर्यंत.

पिवळ्या पडद्यांमागे एक लांबलचक टेबल होतं आणि त्याभोवती बरीच माणसं. भिंतीवर चित्र पडलं होतं आणि त्यासमोर उभा राहून एक टायवाला माणूस काहीतरी चढतंय आणि काहीतरी उतरतंय असं समजावत होता. पहारेकरीकाकांनी दार ढकलून आम्हाला आत घेतलं आणि स्वतः दारातच थांबले. सगळ्यांनी वळून पाहिलं. माझी जीभ जराशी, अगदी जराशी, टाळूकडे गेली. मी तिला खाली आणली, माफ करा म्हटलं, आणि सांगितलं की मला तुमची खिडकी दोन मिनिटं हवी आहे. टायवाल्याला काही सुचायच्या आत त्याच्या शेजारच्या काचेवर वरून बूट उतरले. मग गुडघे. मग फळी, बादली, पट्टे, आणि छातीवर दोरीला झुलणारा तो गुबगुबीत फोन. सगळ्यात शेवटी काका.

मी धावत जाऊन काच वाजवली. त्याने समोरचा फेस हाताने बाजूला केला, डोळे बारीक केले, आणि मला ओळखलं. त्याचा चेहरा एकदम फुलला. त्याने हात हलवला. त्याला वाटलं, आमची सहल आलीय.

मी पोटावरून हात फिरवला. त्याने तोंडाकडे हात नेऊन विचारलं, भूक लागलीय का. मी डोकं जोरजोरात नकारार्थी हलवलं. त्याने बोटाने खाली दाखवलं, म्हणजे डबा खाली आहे. माझा एवढा मोठा आवाज, आणि काचेपलीकडे त्याची किंमत शून्य.

तेव्हा शिपाईमावशी पुढे आली. तिने दोन्ही हात एकात एक घालून पाळण्यासारखे केले आणि शांतपणे झुलवले. एकदा, दोनदा. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

काकाचा हात थांबला. त्याने छातीवरच्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी दोन्ही हातांनी कसंबसं सांगितलं, तो घरी राहिला, काकूचा. ते कळलं की नाही माहीत नाही, पण पहिलं नक्की कळलं होतं.

मला वाटलं, आता तो घाईघाईने सुटणार. त्याने तसं काहीच केलं नाही. वायपर हुकात अडकवला. बादलीची दोरी ओढून पाहिली. पट्टे एकेक करून चाचपले, आधी जिवाच्या दोराचा, मग लटकायच्या. वर तोंड करून शिट्टी घातली. ती आम्हाला ऐकू आली नाही, फुगलेले गाल तेवढे दिसले. आणि मग, समोर फेस होता तो तसाच वाळून डाग पडेल म्हणून, त्याने वायपर पुन्हा काढला आणि एका लांब ओढीत ती काच स्वच्छ केली. त्या स्वच्छ काचेतून तो मला इतका जवळ दिसला, की मध्ये काही नाहीच असं वाटलं. मग तो खाली उतरत गेला आणि काचेत फक्त दोर उरले.

टेबलाशी बसलेल्या एका बाईने उठून पडदा पूर्ण बाजूला केला, म्हणजे आम्हाला त्याचं हेल्मेट खालपर्यंत दिसत राहील. टायवाल्याने विचारलं, हे कोण होते. माझा काका, मी म्हणाले. मी हे अगदी सावकाश आणि स्पष्ट म्हणाले, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं.

टॅक्सीत काका पट्ट्यांसकटच बसला. वळणावळणावर त्याच्या कड्या वाजत होत्या. मावशी पुढे बसून चालकाला हळू चालवायला सांगत होती. रस्त्यात काका एकच वाक्य बोलला.

"शेवटची काच पुसली ते काकूला सांगू नकोस."

दवाखान्यात काकू लांब बोळातून भिंत धरून येरझाऱ्या घालत होती. मागे आई, आईच्या कडेवर ढमी. कड्यांचा आवाज ऐकून काकू वळली. तिने काकाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, डोक्यावरचं हेल्मेट, छातीवरचा फोन, गुडघ्यावरचा वाळलेला साबण.

"आलात? सगळ्या काचा पुसून झाल्या का?"

मी छताकडे पाहिलं. काकाने जमिनीकडे. मग तो पुढे गेला आणि तिने भिंतीवरचा हात काढून त्याच्या खांद्यावर ठेवला. दोघं मिळून येरझाऱ्या घालायला लागली, खुळूक खुळूक आवाज करत. एका नर्सने ते पट्टे काढून ठेवायला लावले तेव्हा कुठे बोळ शांत झाला.

आणि शिपाईमावशीचं खरं झालं. बाळ थांबलं. एवढी धावपळ करून आम्ही पोचलो आणि ते दुपार उलटून गेली तरी आलं नाही. ढमीने काकाच्या फोनवर रेडिओ लावला, मग टॉर्च लावून सगळ्यांच्या नाकपुड्या तपासल्या. मावशी बाकावर बसून घोरली. उन्हं कलली तेव्हा आतून नर्स आली आणि काकाला आत बोलावलं. दार बंद झालं. आम्ही बाहेर. या वेळी काचेबाहेर आम्ही होतो आणि काका आत, हे माझ्या लक्षात आलं, पण त्या दाराला काच नव्हती, त्यामुळे दिसलं काहीच नाही. नुसता आवाज आला. केवढा आवाज. माझ्यावर गेलंय, असं मी लगेच सांगून टाकलं.

मला आत सोडलं तेव्हा काकाच्या हातात ते गाठोडं होतं आणि तो हलतही नव्हता, दोरावर असतो तसा. मी त्याच्या गळ्यातला फोन काढून घेतला आणि फोटो काढला. शून्य पूर्णांक तीन. ताईने सांगितलं होतं तसाच आला. एक मोठा डाग, त्याच्या मधोमध एक छोटा गुलाबी डाग, आणि कडेला दिव्याचा पांढरा फराटा. फोनात इंटरनेट नाही, म्हणून तो कुणाला पाठवताही येईना. मग फोनच हातोहात फिरला. आई म्हणाली, नाक आमच्याकडचं आहे. दुसऱ्या दिवशी काकूची बहीण आली, ती म्हणाली, नाक आमच्याकडचं. काकाच्या जोडीदाराने कवळी लावून नीट निरखलं आणि कपाळ मुकादमासारखं आहे म्हणाला, ते मात्र कुणालाच आवडलं नाही. त्या फोटोत नाकही दिसत नाही आणि कपाळही, पण भांडण आठवडाभर पुरलं.

मुकादमाने आता दुसऱ्या नंबरला परवानगी दिली आहे. मला वाटलं होतं आई, पण काकाने शाळेच्या कार्यालयाचा घालायला सांगितला. तिथे तू असतेस, म्हणाला.

कालच नळ परत गळायला लागला. काकूने सवयीने सुरुवात केली, हा नळ असाच, आणि ढमीच्या वेळीसुद्धा, आणि तुमचं काय, तुम्ही. तिथे ती अडली. मांडीवर बाळ होतं. तिने काकाच्या छातीवरचा फोन ओढून घेतला, दोरी त्याच्या गळ्यात तशीच राहिली, त्यामुळे त्याला वाकावं लागलं. फोटो उघडून तिने मोठ्या डागावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही," ती म्हणाली. "हललात म्हणून असा आला."

"मी नाही हललो," काका वाकल्या वाकल्या म्हणाला.

नळ गळत होता. तो दुरुस्त करायला कुणी उठलं नाही.